फ्लाइट सारखी लेट होते. छोटं विमान शिकून स्वतःच उडवत गेलो तर वेळ वाचेल का, परवडेल का?

नाही वाचणार. तुम्ही कोपरखैरण्याचे, नागपूरला कायम ये-जा, म्हणून तुम्हाला असं वाटतं. मी ठाण्याचा. खासगी वैमानिकाचं लायसन्स धुळ्याला शिकून काढलंय, आणि हाच प्रश्न माझे थोरले साडू दर लग्नकार्यात चारचौघांत विचारतात: "एवढे पैसे ओतलेत, मग आमची फ्लाइट रखडते तेव्हा ते लायसन्स काय लोणच्याला लावायचं?"

त्यांच्या बहिणीच्या नातवाचं बारसं नागपूरला होतं, सप्टेंबरात. त्याआधी मुंबई विमानतळावर पाच तास बसून त्यांचं डोकं फिरलेलं, त्यामुळे "तिकीट काढणार नाही, तुम्हीच न्या" हा हट्ट. धुळ्याच्या एका मित्राचं सेस्ना 172 हे छोटं विमान आहे, त्याने दिलं. साडू पेट्रोलचे पैसे देऊन वर चार पैसे जास्त द्यायला निघाले होते. ते घेता येत नाहीत, भाडं घेऊन माणसं नेणं या लायसन्सवर चालत नाही.

आता धुळेच का? ठाण्याच्या माणसाला जवळ काय आहे सांगा. 1932 साली जेआरडी कराचीहून टपाल घेऊन उतरले ते जुहूला, पण तिथे आज मुख्यतः हेलिकॉप्टरं. मुंबईच्या मोठ्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते. त्या रांगेत चार सीटच्या विमानाला कोण विचारतो? म्हणजे आदल्या दिवशी माजिवड्याहून गाडी, कसारा घाट, रात्री धुळ्यात मुक्काम. तुमचा वाचलेला वेळ इथेच संपला.

सकाळी सगळ्यांना वजनकाट्यावर उभं केलं. 172 मध्ये सीट चार असतात, पण टाक्या भरल्या तर चार धडधाकट माणसं आणि सामान नेता येत नाही. बाळासाठी घेतलेला लाकडी पाळणा धुळ्यातच ठेवावा लागला, पहिली ठिणगी तिथे पडली. मग मी पंखाखालून नळीत थोडं इंधन काढून उजेडात धरलं. निळसर असतं ते. पाणी असेल तर तळाला वेगळा थेंब दिसतो. साडू म्हणाले, "चहा गाळताय का?"

हवाई दलाकडून लागणारा एडीसी नंबर, म्हणजे उड्डाणाची परवानगी, तोही आला. आले नाहीत ते फक्त ढग वर. नुसत्या डोळ्यांनी बघून उडवायचं तर विमानतळावर ढगांचा तळ निदान 1500 फुटांवर आणि नजर 5 किलोमीटरपर्यंत पोचायला हवी. आमच्या वाटेवर भुसावळपासून पुढे सगळं खाली बसलेलं. दोन-तीन तास थांबलो. साडू घड्याळ बघत: "अहो, ढगच तर आहेत, वरून घ्या की." वरून घेईनही हो, पण नागपूरला त्याच ढगांतून खाली यायचं, आणि काट्यांवर भरवसा ठेवून उतरायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग माझ्याकडे नाही. मी विमानाला दोर बांधले आणि गाडी काढली. रात्री पोचलो तेव्हा नाव ठेवून, जेवणं उरकून पाहुणे परतले होते.

आणि हो, त्याच सकाळी मुंबईहून सुटलेलं कंपनीचं विमान नागपूरला वेळेवर उतरलं. हे साडू आजही ऐकवतात. उतरणारच! दोन जेट इंजिनं, रडार, दोन वैमानिक, उतरायला आयएलएस, म्हणजे ढगांतूनही धावपट्टीची वाट दाखवणारे रेडिओ संकेत. त्यांना जे ढग चालतात ते मला चालत नाहीत, यात माझ्या लायसन्सचा अपमान कसला? कंपनी "आज उशीर" म्हणते तेव्हा परक्या माणसावर ओरडता येतं. स्वतःच्या विमानात ते सांगायचं काम आपलं, ऐकणारे आपलेच नातेवाईक. ज्याला साडूला नाही म्हणता येत नाही त्याने शिकूच नये.

कंपन्यांचा उशीर बऱ्याचदा निव्वळ ढिसाळपणाचा असतो, हे मान्य. तुमच्याकडे दोन इंजिनांचं विमान आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग असेल तर वरचं बरंचसं लागू नाही, पण मग तुम्ही इथे विचारत बसला नसता. परवडण्याचं म्हणाल तर लायसन्ससाठीच निदान 40 तास उडवावं लागतं, तासाचा दर अकादमीत विचारा आणि बसूनच ऐका. आवड म्हणून शिका, मजा आहे.

बाकी डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) नियमाने नागपूरसारख्या फ्लाइटला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं मागता येतं, सहा तासांच्या वर गेला तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण पैसे परत. नाहीतर विदर्भ एक्सप्रेस आहे, ठाण्याला थांबते. साडू हल्ली तिनेच जातात.