आवाजालाच काम असलेले पॉडकास्ट: अंतराळ, श्रद्धा, संगीत आणि धावणं

तुम्ही विचारलं आहे की अंतराळ, श्रद्धा, संगीत आणि धावणं हे चारही विषय आवडतात, पण ॲपमध्ये शब्द टाकून शोधलं की शेकडो नावं येतात, दोन-तीन भाग ऐकले की मन उडतं. तर चांगलं ओळखायचं कसं आणि सुरुवात कुठून करायची?

बरीच वर्षं ऐकते आहे, त्यातून माझ्यापाशी एक कसोटी राहिली आहे. भाग ऐकताना स्वतःला विचारायचं: हेच सगळं छापून हातात दिलं असतं तर माझं काही गेलं असतं का? गेलं नसतं, तर सरळ लेख वाचावा, दहा मिनिटांत होतो. गेलं असतं, तर तो पॉडकास्ट ठेवावा. तुमचे चारही विषय या कसोटीसाठी फार योग्य आहेत, कारण चारहींमध्ये आवाज हा विषयाचाच भाग आहे.

अंतराळापासून सुरुवात करा, आणि तीही बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या ‘थर्टीन मिनिट्स टू द मून’पासून. अपोलो ११ ला ५० वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, ही मालिका आली. सांगणारे केविन फाँग पेशाने डॉक्टर आहेत. नावातली १३ मिनिटं म्हणजे यान चंद्राकडे उतरू लागल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ. त्या उतरणीत संगणकाने १२०२ क्रमांकाचा इशारा दिला. कागदावर ही गोष्ट दोन ओळींची आहे: संगणकावर कामाचा बोजा जास्त झाला, त्याने कमी महत्त्वाची कामं सोडून उतरण्यासाठी लागणारी कामं चालू ठेवली. कानात मात्र ती वेगळीच घडते. आर्मस्ट्राँग इशाऱ्याचा अर्थ विचारतो, त्याच्या एरवीच्या संथ आवाजात घाई जाणवते, आणि मग काही सेकंद ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाकडून उत्तर येत नाही. त्या सेकंदांत स्टीव्ह बेल्स नावाचा २६ वर्षांचा तरुण निर्णय घेतो आहे, आणि त्याच्या मागच्या खोलीत २४ वर्षांचा जॅक गार्मन अशा इशाऱ्यांची हाताने लिहिलेली यादी पाहून त्याला ‘चालू ठेवा’ असं सांगतो आहे. पुढे इंधनाची ६० सेकंद उरली, ३० सेकंद उरली, हे ह्यूस्टनहून यानाशी बोलणाऱ्या चार्ली ड्यूकच्या तोंडून ऐकताना शेवट ठाऊक असूनही मी चालता चालता थांबते. शीर्षकसंगीत हान्स झिमरचं आहे. मधले भाग गाळू नका. सॉफ्टवेअर, इंधन, नियंत्रण कक्षातली माणसं यांचे भाग आधी ऐकले असतील तरच उतरणीतला एकेक आवाज ओळखू येतो. दुसरं पर्व अपोलो १३ चं आहे, तेही तितकंच मन लावून केलेलं.

ही मालिका आवडली तर एक पायरी पुढे जा. बेन फाइस्ट यांनी तयार केलेली ‘अपोलो इन रिअल टाइम’ ही वेबसाइट पॉडकास्ट नाही, पण माझ्या लेखी ऐकण्यासारखं याहून मोठं काही नाही. अपोलो ११ चं नियंत्रण कक्षातलं ११,००० तासांचं ध्वनिमुद्रण तिथे आहे. त्या काळी एकाच फितीवर ३० मार्गिकांत आवाज नोंदवले जात होते आणि त्या फिती वाचणारं जुनं यंत्रही जवळपास नामशेष झालं होतं. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या चमूने त्यात बदल करून फिती डिजिटल केल्या. आता तुम्ही एक टेबल निवडायचं, समजा मार्गदर्शन प्रणालीचं, आणि त्या माणसाने त्या मिनिटाला काय ऐकलं, तेच ऐकायचं. बराच वेळ काहीच घडत नाही. ते काहीच न घडणंही ऐकावं, मोहीम बहुतेक वेळ अशीच चालते.

नियमित ऐकायला प्लॅनेटरी सोसायटीचा ‘प्लॅनेटरी रेडिओ’ आहे, २००२ पासून दर आठवड्याला चालणारा. तो ओळीने ऐकू नका, पाहुणे बघून भाग निवडा. नासाचा ‘क्युरिअस युनिव्हर्स’ लहान भागांचा आहे, घरातल्या मुलांबरोबर ऐकता येतो. नासाच्या संकेतस्थळावर मंगळाचा आवाजही आहे. २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर मायक्रोफोन आहेत. तिथल्या विरळ हवेत ध्वनी सेकंदाला साधारण २४० मीटर जातो, आपल्याकडे ३४०. शिवाय तिथे उंच पट्टीचा स्वर खालच्या पट्टीच्या स्वराच्या किंचित आधी पोचतो. कोणी तिथे गाणं म्हटलं तर लांबच्या श्रोत्याला ते विस्कटलेलं ऐकू येईल. मी हा मुद्दा कितीतरी लोकांना सांगितला आहे आणि प्रत्येक वेळी तितक्याच आनंदाने.

आपल्याकडचं हवं असेल तर ‘मिशन इस्रो’ ऐका. निवेदन हर्षा भोगले यांचं. क्रिकेटच्या समालोचनात मुरलेला आवाज उड्डाणाच्या गोष्टीला किती शोभतो, हे पहिल्याच भागात कळतं. थुंब्याची कहाणी मला त्या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त त्या भागातून जातं म्हणून शास्त्रज्ञांना केरळच्या किनाऱ्यावरचं तेच गाव हवं होतं, आणि नेमकं तिथे मेरी मॅग्डालीनचं चर्च आणि कोळ्यांची वस्ती होती. विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरांना भेटले, बिशपनी गावकऱ्यांशी बोलून जागा दिली. चर्चची इमारत कार्यालय झाली आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं.

इथूनच श्रद्धेच्या विषयाकडे वळते. या विषयात निवड सर्वांत कठीण आहे, कारण ‘अध्यात्म’ शब्द टाकून शोधलं की बासरीच्या पार्श्वसंगीतावर सुविचार ऐकवणारे कार्यक्रम आधी येतात. छापून वाचले तर त्यांत काही उरत नाही. मी दोन गोष्टी बघते. बोलणारा माणूस ग्रंथाचं, ओवीचं, श्लोकाचं नाव घेऊन बोलतो का? आणि विचारणारा प्रश्नानंतर गप्प बसतो का?

क्रिस्टा टिपेट यांचा ‘ऑन बीइंग’ दुसऱ्या प्रश्नाला पूर्ण उतरतो. २००३ मध्ये अमेरिकेत ‘स्पीकिंग ऑफ फेथ’ नावाने तो रेडिओवर दर आठवड्याला येऊ लागला, २०१० मध्ये नाव बदललं. पाहुणा शास्त्रज्ञ असो, कवी असो की धर्मगुरू, त्या बहुतेक वेळा सुरुवातीला विचारतात की लहानपणी घरात धर्माचं, अध्यात्माचं वातावरण कसं होतं. मोठमोठी माणसं या प्रश्नाला अडखळतात. तो अडखळण्याचा क्षण छापता येत नाही. जॉर्ज कॉइन आणि गाय कॉन्सोल्माग्नो या दोन जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघातल्या, खगोलशास्त्रज्ञांशी झालेली त्यांची बातचीत तुम्ही जरूर ऐका. दोघांनीही व्हॅटिकन वेधशाळेचं संचालकपद भूषवलं, कॉन्सोल्माग्नो उल्कापाषाणांचे अभ्यासक. देव आणि विज्ञान यांची सांगड घालण्याची धडपड त्या संवादात नाही. दोन माणसं आपल्या कामावरच्या प्रेमाबद्दल बोलतात आणि मधूनमधून मनसोक्त हसतात.

नवं शोधण्याची माझी मुख्य पद्धतही इथेच सांगते. विषयाचा शब्द टाकायचाच नाही. आवडलेल्या भागातल्या पाहुण्याचं नाव टाकायचं. कॉन्सोल्माग्नो असं शोधलंत की ते ज्या ज्या कार्यक्रमांत बोलले आहेत ते सगळे समोर येतात, आणि अशा माणसाला बोलवावंसं ज्यांना वाटलं ते कार्यक्रम बहुधा ऐकण्याजोगे असतात.

पीटर ॲडमसन यांचा ‘हिस्टरी ऑफ फिलॉसफी विदाउट एनी गॅप्स’ माझ्या कसोटीला अर्धाच उतरतो, कारण त्याची पुस्तकंही निघाली आहेत आणि ती वाचता येतात. तरी भारतीय दर्शनांवरची मालिका, जोनार्डन गनेरी यांच्याबरोबर केलेली, मी आग्रहाने सुचवते. उपनिषदं, बौद्ध, न्याय, चार्वाक, नागार्जुन, प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं. परंपरेबाहेरच्या माणसाने इतक्या आदराने आणि तरीही प्रश्न विचारत केलेली मांडणी विरळा.

आणि मराठीत? मराठी श्रोत्याने कीर्तन सोडून दुसरीकडे जाण्याआधी थोडं थांबावं. एक अभंग घ्यायचा, त्याचं निरूपण करायचं, दृष्टांत सांगायचा, मध्येच टाळ-मृदंगावर गजर उचलायचा आणि सगळ्या फडाला सोबत घेऊन परत त्याच चरणावर यायचं, ही बांधणी कानांसाठीच घडलेली आहे. बाबामहाराज सातारकर २०२३ मध्ये गेले, पण त्यांची कीर्तनं ऐकायला मिळतात. दोन-तीन मिनिटांचे तुकडे ऐकू नका. पूर्ण कीर्तन लावा. चरण पहिल्यांदा म्हटला जातो तेव्हा आणि तासाभराने तोच परत येतो तेव्हा, त्याच शब्दांचं वजन बदललेलं असतं, आणि ते तुकड्यात सापडणारच नाही.

संगीतात माझी पहिली शिफारस ‘साँग एक्सप्लोडर’. २०१४ मध्ये हृषीकेश हिरवे यांनी सुरू केला. भारतीय आईवडिलांचा, अमेरिकेत वाढलेला हा संगीतकार प्रत्येक भागात एक गाणं घेतो आणि ते करणाऱ्याकडूनच ते सुटं करून घेतो: नुसता ढोल, नुसता आवाज, मध्यरात्री फोनवर गुणगुणलेली पहिली चाल. शेवटी पूर्ण गाणं वाजतं आणि तोवर तुम्हाला त्यातला प्रत्येक थर ऐकू येऊ लागलेला असतो. हिरवे स्वतः जवळपास बोलतच नाहीत, हे मला त्यांचं सर्वांत मोठं कसब वाटतं. गाणारे-वाजवणारे तुमच्या ओळखीचे नसले तरी बिघडत नाही.

शास्त्रीय संगीतासाठी असं काही शोधायचं तर विविध भारतीच्या ‘संगीत सरिता’चे जुने भाग मिळतील तिथून ऐका. रागाची ओळख, मग गाऊन दाखवणं, मग त्याच रागातलं चित्रपटगीत. पॉडकास्ट हा शब्द जन्मण्याच्या आधीपासून हा कार्यक्रम माझ्या कसोटीला पुरा उतरत होता. एक विनंती: ॲपमधला दीडपट वेग संगीताच्या कोणत्याही कार्यक्रमाला लावू नका. विलंबित लयीचा तो अपमान आहे.

अंतराळ आणि संगीत एकत्र हवं असेल तर नासाच्या व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीबद्दलचे भाग शोधा. ‘रेडिओलॅब’ या पॉडकास्टमध्ये ती तबकडी तयार करणाऱ्या चमूतल्या ॲन ड्रुयान यांनी ती हकीकत स्वतः सांगितली आहे. १९७७ मध्ये सोडलेल्या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत मराठीही आहे, आणि केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १६ सप्टेंबर १९७७ ला त्या गेल्या, तेव्हा दुसरं यान सुटून अकराच दिवस झाले होते. आधी ती भैरवी ऐका आणि मगच भाग लावा.

धावण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. बूट, आहार, घड्याळं यांवरचे तासातासाचे कार्यक्रम मी ऐकत नाही, ते वाचून होतं. आवाजाचा खरा उपयोग होतो तो तुमच्याबरोबर पळणाऱ्या आवाजाचा. नव्याने सुरुवात करत असाल तर ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा, ‘काउच टू फाइव्ह के’ घ्या: नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं आलटून पालटून. कधी पळायचं, कधी थांबायचं हे कानात सांगितलं जातं, घड्याळ बघावं लागत नाही. सुरुवातीला दम लागतो तो बहुतेक वेळा वेगामुळे, म्हणून गप्पा मारता येतील इतकंच हळू पळा. थोडं पळता येत असेल तर नायकी रन क्लबच्या ॲपमधले प्रशिक्षक ख्रिस बेनेट यांचे ‘गाइडेड रन’ चांगले आहेत. हळू पळायला इतक्या प्रेमाने सांगणारा दुसरा प्रशिक्षक मी ऐकला नाही.

धावणं आणि अंतराळ यांची गाठ हवी असेल तर सुनीता विल्यम्स यांच्या मुलाखती शोधा. १६ एप्रिल २००७ ला बोस्टन मॅरेथॉन चालू असताना त्या अंतराळ स्थानकात ट्रेडमिलवर, लवचीक पट्ट्यांनी स्वतःला खाली बांधून, ४२ किलोमीटर पळाल्या. वेळ ४ तास २४ मिनिटं. नासाच्या ‘ह्यूस्टन वी हॅव अ पॉडकास्ट’मध्ये अंतराळातल्या व्यायामावर बोललं गेलं आहे. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात म्हणून तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम लागतो, हे ऐकत पळताना आपल्या पायांकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं.

रविवारच्या लांब पळण्याला ‘ऑन बीइंग’सारखी संथ बातचीत लावा. वेगाच्या सरावाला काहीच लावू नका, तेव्हा स्वतःचा श्वास ऐकू यायला हवा. मी पहाटे वेताळ टेकडीवर दोन्ही कानांत लावते, पण रस्त्यावर उतरले की एक कान मोकळा ठेवते, आणि तुम्हीही ठेवा. मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडच्या चढावर तर दोन्ही काढून खिशात टाका. तिथे कडेला उभं राहून अनोळखी लोक ज्या जोराने ओरडतात, त्याची सर कोणत्याही पॉडकास्टला नाही.

ॲपचं थोडक्यात: अँड्रॉइडवर अँटेनापॉड फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि तुम्ही ऐकत असलेल्या कार्यक्रमांची यादी त्यातून फाइल म्हणून काढून ठेवता येते. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झालं तेव्हा अशी यादी जवळ असलेल्यांनी ती दुसऱ्या ॲपमध्ये टाकली आणि ऐकणं चालू ठेवलं. रात्री वायफायवर भाग उतरवून ठेवा, तासाभराचा भाग साधारण ३० ते ६० एमबीचा असतो. पहिल्या आठवड्यात ‘थर्टीन मिनिट्स’ आणि एक पूर्ण कीर्तन एवढंच घ्या. सध्या तुम्ही किती पळता ते कळवलंत तर पुढचं त्याप्रमाणे सुचवीन.