बारावीनंतर डी.फार्म (फार्मसीचा डिप्लोमा) की बी.फार्म (फार्मसीची पदवी)?
आधी ठरव: मेडिकल दुकान चालवायचंय, की औषध शरीरात नेमकं काय करतं ते शोधायचंय? मेडिकलसाठी डी.फार्म पुरतं, 2 वर्षं आणि 500 तासांचं प्रशिक्षण. मात्र 2022च्या नियमांनुसार फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होण्याआधी एक्झिट परीक्षा आहे: 3 पेपर, प्रत्येकात किमान 50 टक्के, आणि तिन्ही पेपर एकाच प्रयत्नात सुटायला हवेत.

औषध शरीरात काय करतं ते शोधणारा विषय, म्हणजे फार्माकॉलॉजीच हवी असेल तर 4 वर्षांचं बी.फार्म, मग जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन त्याच विषयात एम.फार्म (पदव्युत्तर पदवी). बी.फार्मच्या प्रवेशाची सीईटी बिघडली तर खचू नकोस, डी.फार्मनंतर बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो.

फी भरण्यापूर्वी कॉलेजला त्या वर्षाची फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः बघच. एजंटच्या शब्दावर जाऊ नकोस. मान्यता नसेल तर प्रमाणपत्र हातात असूनही नोंदणी अडते.