सीटबेल्टचं रीळ अडकलंय? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न: माझी १९८४ ची मर्सिडीज डब्ल्यू १२३ आहे. रंगकामासाठी बी-पिलरचं (पुढच्या आणि मागच्या दारामधल्या खांबाचं) आतलं कव्हर आणि सीटबेल्टचं रीळ काढलं होतं. तेव्हा पट्टा हातातून सुटला आणि सर्रकन पूर्ण आत गेला. आता रीळ जागेवर बसवलंय, पण पट्टा बोटभरही बाहेर येत नाही. मेकॅनिक म्हणतात, उघडून तेल सोडू. सोडू द्यावं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: तेल सोडू देऊ नका आणि रीळ उघडूही देऊ नका. ते बहुधा बिघडलेलं नाहीच. ते लॉक झालंय, आणि लॉक सुटायला लागणारी जागा त्याला मिळत नाहीये.

रिळाच्या कडेला दात्यांचं चाक असतं आणि त्यात एक खिट्टी अडकते. एकदा अडकलेली खिट्टी पट्टा ओढून सुटत नाही. त्यासाठी रीळ गुंडाळण्याच्या दिशेनं जरासं मागं फिरावं लागतं. एरवी पट्टा थोडा आत सोडला की हे आपोआप होतं. तुमचा पट्टा मात्र शेवटपर्यंत गुंडाळला गेलाय, त्यामुळे रिळाला मागं फिरायला जागाच उरली नाही. जितकं ओढाल तितकी खिट्टी घट्ट बसणार.

आधी रीळ कंपनीनं ठेवलेल्या कोनातच बसलंय ना, ते बघा. मग पट्टा कापडात धरून दोन्ही हातांनी हळूहळू जोर वाढवत पूर्ण ताकदीनं ओढा, चार-पाच सेकंद तसाच ताणून धरा आणि एकदम सोडा. ताण आला की गुंडाळलेले थर एकमेकांवर आवळले जातात आणि दोन-चार मिलिमीटर पट्टा मोकळा होतो. सोडल्याबरोबर स्प्रिंग तेवढा पट्टा आत ओढते आणि खिट्टी दात्यातून बाहेर पडते. लगेच पट्टा अगदी सावकाश, हिसका न देता ओढा. पहिल्या झटक्यात जमेलच असं नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं. पक्कड मात्र लावू नका, पट्ट्याचे धागे तुटतात.

एवढं करूनही सुटलं नाही, तर रीळ काढून हातात घ्या. त्यात एक छोटा गोळा किंवा लोलक असतो. गाडीला ब्रेक लागला किंवा ती कलली की तो सरकतो आणि लॉक लावतो. म्हणूनच टेबलावर आडवं ठेवलेलं चांगलं रीळसुद्धा अडकल्यासारखं वाटतं, आणि पुष्कळ जण याच समजुतीनं धडधाकट रीळ भंगारात टाकतात. ते गाडीत असतं तसं उभं धरा, पट्टा ताणून किंचित आत जाऊ द्या आणि कोन थोडा थोडा बदलत हलकेच ओढून बघा. एखाद्या कोनात सुटलं, तर यंत्रणा शाबूत आहे आणि बसवण्यात चूक आहे. कुठल्याच कोनात सुटत नसेल, तर बहुधा गोळ्याच्या खोबणीत धूळ किंवा गंज बसलाय. कमी दाबाच्या कोरड्या हवेनं बाहेरूनच फुंकून काढा. तेवढ्यानंही नाही सुटलं तर रीळ बदला.

तेल का नको? तेलावर धूळ चिकटते, तिचा चिखल होतो आणि गोळा जागेवरच बसून राहतो. मग लॉक सुटणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे गरजेच्या वेळी लागणारच नाही. एका बाजूच्या गोल कव्हराखाली घट्ट गुंडाळलेली स्प्रिंगची पट्टी असते. ते कव्हर काढलं की ती उसळून बाहेर येते, बोटं कापते आणि घरी पुन्हा नीट बसत नाही.

परत बसवताना बोल्टकडे नीट लक्ष द्या. बहुतेक गाड्यांत सीटबेल्टचा बोल्ट ७/१६ इंची, इंचाला २० आट्यांचा असतो, म्हणजे व्यास ११.१ मिमी. जुना हरवला म्हणून १० मिमीचा घातला तर तो आत जातो, पण धरत काहीच नाही. १२ मिमीचा ठोकून बसवला तर आटे कायमचे जातात. शिवाजी उद्यमनगरात बोल्ट घ्यायला जाताना जुना नमुना बरोबर न्या आणि ग्रेड ८ चाच मागा. त्याच्या डोक्यावर सहा रेघा असतात. वॉशर आणि स्पेसर कोणत्या क्रमानं निघाले त्याचा फोटो आधीच काढून ठेवा. खांद्याजवळची वरची कडी (पट्टा जिच्यातून जातो ती) बोल्टभोवती मोकळी फिरली पाहिजे.

प्रश्न: १९८२ च्या प्रीमियर पद्मिनीला रीळवाले पट्टे बाहेरून बसवून घेतलेत. शहरात ठीक चालतात, पण पन्हाळ्यावर चढाला गाडी लावली की पट्टा बाहेर येत नाही. रीळ खराब आहे का?
– एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर: खराब नाही, तिरकं बसलंय. युरोपीय नियमानुसार असं रीळ त्याच्या ठरलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कललं तरी लॉक होता कामा नये, आणि नेहमीच्या प्रकारचं रीळ २७ अंशांपलीकडे लॉक झालंच पाहिजे. आठास एक चढ म्हणजे साधारण ७ अंश. रीळ मुळातच ६-७ अंश कललेलं असेल तर चढावर बेरीज १२ च्या वर जाते आणि लॉक लागू शकतं.

गाडी सपाट फरशीवर उभी करा. मोबाईलमधलं लेव्हल मोजणारं अॅप रिळाच्या पत्र्याला टेकवून पुढे-मागे आणि आत-बाहेर असे दोन्ही कोन मोजा, आणि रिळासोबत आलेल्या कागदावरच्या कोनाशी ताडून बघा. पुढे-मागे फरक असेल तर बोल्ट ढिला करून रीळ सरळ करा आणि पुन्हा आवळा. आत-बाहेर फरक असेल तर त्या रिळासाठी बनलेला कोनाचा ब्रॅकेट लागेल. एका बाजूला वॉशरची चळत लावून कोन काढू नका, बोल्टवर वाकडा भार येतो.

कव्हर उघडलंच आहे तर बोल्टच्या मागं काय आहे तेही तपासा. नुसत्या पत्र्यात भोक पाडून नट लावला असेल तर धडकेत तो पत्र्यासकट उपटून येईल. मागं किमान ३ मिमी जाडीची पोलादी प्लेट हवीच. कोनापेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, तेवढी आधी करा.

प्रश्न: पट्टा बाहेर येतो, पण आत जाताना हातानं ढकलावा लागतो. स्प्रिंग गेली का?
– एक वाचक, उचगाव

उत्तर: बऱ्याचदा दोष मळाचा असतो. खांद्याजवळच्या कडीत घाम आणि धूळ यांचा चिकट थर बसतो आणि पट्टा त्यावर घासतो. कापडाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवून कडीतून मागेपुढे ओढा, काळं निघायचं थांबेपर्यंत. मग पट्टा पूर्ण बाहेर काढून रिळाच्या तोंडाशी कपड्याचे दोन-तीन चिमटे लावा. कोमट पाणी आणि सौम्य साबणानं पुसा. ब्लीच किंवा रंग लावू नका, उन्हात टाकू नका, धागे कमजोर होतात. पूर्ण वाळल्याशिवाय आत सोडू नका. आपल्याकडच्या जुलैत त्याला पंख्याखाली रात्रभरही पुरत नाही.

एवढं करूनही पट्टा ढिलाच राहिला, तर स्प्रिंग थकली आहे. पूर्ण जोडच बदला, आणि तो भंगारातल्या अपघाती गाडीचा घेऊ नका. पट्टा लाटेसारखा झालेला किंवा कडीचं प्लॅस्टिक ओघळलेलं दिसलं, तर त्यानं एक धडक सोसलेली असते. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांची रिळंही बदलाच. रीळ पिलरच्या तळाशी असतं, त्यामुळे गुडघाभर पाण्यातही गाळ आत जातो आणि तो फुंकून निघत नाही.

नवं बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर १५-२० किमी वेगानं जाऊन जोरात ब्रेक मारा. पट्टा जागेवर अडला पाहिजे. नाही अडला, तर कोन पुन्हा मोजा.