डिजिटल तंत्रज्ञानामुळे कारागिराचं कौशल्य बदलतं म्हणजे काय, आणि शाश्वत विकासाशी त्याचा संबंध कसा?

मी बीड जिल्ह्यात मोटर वायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरायचं काम करतो, तेव्हा माझ्या धंद्यातलंच सांगतो.

पूर्वी एक फेज उडाली किंवा व्होल्टेज पडलं की मोटर जळायची. जळक्या वार्निशचा वास दुकानातून हटायचा नाही. 2019 मध्ये सौर पंपांसाठी केंद्राची कुसुम योजना आली, 2024 मध्ये राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’. पंपाच्या किमतीचे शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी 5. रात्री-अपरात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाणं थांबलं, त्याचं मोल ज्याने अंधारात साप पाहिलाय त्यालाच कळेल.

माझं वायंडिंग मात्र कमी झालं आणि शिकणं पुन्हा सुरू झालं. पहिला धडा असा की स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनेलच्या वायरीत डीसी व्होल्टेज असतंच. पंप चालू असताना जोड ओढला तर आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, सहज तुटत नाही, हात भाजतो. हाताखालच्या पोरांना मी पान्ह्याआधी हे शिकवतो.

गेल्या उन्हाळ्यात एका मोसंबीच्या बागेतला पंप रोज दुपारी बाराला बंद पडायचा. कंट्रोलर, म्हणजे पंप चालवणारी पेटी, गेला, असं सगळे म्हणत. डिस्प्लेवर ‘ड्राय रन’ होतं, म्हणजे पंप पाण्याविना फिरतोय. सकाळच्या कोवळ्या उन्हात मोटर हळू फिरते, तेवढं पाणी बोअरचा झरा पुरवतो. दुपारी ती 50 हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर गेली की उपसा झऱ्याच्या पुढे जातो. मशीन ठणठणीत होतं, पाणीच कमी होतं. स्क्रीन आणि बोअर दोन्ही एकत्र वाचता येणं, हे ते नवं कौशल्य.

वेग कमी करायची सेटिंग पासवर्डमागे, आणि कंपनीचा माणूस आठ दिवस फिरकला नाही. पानं वळायला लागली. शेवटी मी डिलिव्हरीचा वॉल्व्ह आवळला.

माझं स्पष्ट मत आहे, फॉल्ट कोडचा मराठी तक्ता आणि सेटिंगची मुभा तालुक्यातल्या प्रशिक्षित मेकॅनिकला मिळायलाच हवी. नाहीतर पाच वर्षांची हमी संपली की किरकोळ बिघाडानेही पंप भंगारात जाईल. तो कसला शाश्वत विकास? शिवाय उन्हाला बिल नाही, म्हणून पंप दिवसभर सोडून दिला तर भूजल संपेल, हे शेतकऱ्याला सांगणं मी आता माझ्या कामाचाच भाग मानतो.

त्या बागेत नंतर ठिबक केलं. वॉल्व्ह अजून तसाच अर्धा आवळलेला आहे आणि पंप चारपर्यंत चालतो.