जंगलातला रेडिओ लावताना आधी अँटेना बघ

ओरिएंटीअरिंगच्या, म्हणजे नकाशा वाचत जंगलातले ठरलेले कंट्रोल (थांबे) गाठायच्या शर्यतीत पहिल्यांदाच रेडिओ कंट्रोल, म्हणजे धावपटूची नोंद रेडिओने पाठवणारा थांबा, लावतोयस, तर एक गोष्ट मनात पक्की ठेव: निकाल धावपटूजवळच्या इलेक्ट्रॉनिक कार्डातल्या नोंदींवर लागतो. रेडिओ फक्त मधल्या वेळा निवेदकापर्यंत लवकर पोचवतो. तो बंद पडला तरी शर्यत सुरळीत चालते, म्हणून घाबरू नकोस.

खरी मेहनत अँटेनावर घे. ओली पानं २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल अक्षरशः पिऊन टाकतात; ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्झचे त्या मानाने बरेच आत पोचतात. मात्र तुमच्याकडे कोणत्या फ्रिक्वेन्सीला परवानगी आहे ते आधी तपास. मी एकदा अँटेना गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधली होती. कोरड्या दुपारी चाचणी झकास झाली, रात्री पाऊस पडला आणि सकाळी एकही नोंद येईना. तीच अँटेना काठीला बांधून डोक्याच्या वर नेली, तेव्हा नोंदी येऊ लागल्या. ती उभीच ठेव, खोडाला चिकटवू नकोस. मध्ये टेकडी येत असेल तर माथ्यावर सिग्नल पुढे पाठवणारा रिपीटर लाव.

कंट्रोलवर वेळ नोंदवणाऱ्या सगळ्या युनिटांची घड्याळं एकाच मास्टर युनिटवरून जुळव, तीही आदल्या दिवशी. बॅटऱ्या पूर्ण चार्ज हव्यातच. आणि शेवटची चाचणी टेबलावर नको, प्रत्यक्ष कंट्रोलपाशी जाऊन स्वतः पंच करून, म्हणजे कार्ड युनिटला लावून बघ.