लेन्स पुसायच्या आधी

अरे, कॅमेऱ्याच्या लेन्सवर धूळ दिसली की लगेच शर्टाचं टोक धरू नकोस. अलिबागच्या किनाऱ्यावर मी तेच केलं. वाळूचा एक कण फिरला आणि काचेवर कायमचा ओरखडा. आधी रबरी ब्लोअर, म्हणजे दाबून हवा मारायचा फुगा, तोही लेन्सचं तोंड खाली धरून. तोंडाने फुंकू नकोस, थुंकी उडते. ठसे राहिलेच तर लेन्स क्लीनरचा थेंब मायक्रोफायबरच्या मऊ कापडावर घे. थेट काचेवर टाकलास तर कडेने आत झिरपतो. व्ह्यूफाइंडरची, म्हणजे डोळा लावून बघायच्या खिडकीची, बाहेरची काच तिच्याभोवतीची रबरी कड (आयकप) काढून पूस, खाचेत घामाचा मळ बसलेला असतो. एसएलआरच्या, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या, आतल्या आरशाला आणि फोकसिंग स्क्रीनला (दृश्य उमटतं त्या दुधी पडद्याला) मात्र बोटसुद्धा लावू नकोस. आरशाचा लेप वरच्याच बाजूला असतो, चटकन ओरखडतो. आणि तिथली धूळ फक्त डोळ्याला दिसते, फोटोत येतच नाही!