आकाशदर्शनाची मासिकं वाचायला टॅब घ्यावा की मोठा ई-रीडर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात ६ इंची किंडल आहे, नुकतीच दुर्बीण घेतली आहे, ‘स्काय अँड टेलिस्कोप’सारखी परदेशी मासिकं छापील मागवणं परवडत नाही म्हणून डिजिटल अंक वाचायचे आहेत. किंडलवर एक अंक टाकून पाहिला, तर अक्षरही लागेना. आता मोठा ई-रीडर घ्यावा की टॅब, आणि जे घ्याल ते रात्री दुर्बिणीशेजारी चालेल का?

मी बारा-तेरा वर्षं ही मासिकं पडद्यावरच वाचतोय. माझं मत सांगतो: वाचायला टॅब घ्या, पण त्याच्या पडद्याची लांबी-रुंदी पाहून घ्या. किंडल विकू नका, त्याला याच छंदात दुसरं काम आहे. आणि रात्रीची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

किंडलवर का दिसलं नाही ते आधी समजून घ्या. कादंबरीतला मजकूर पडदा लहान असला की आपसूक नव्या ओळी पाडून घेतो. मासिकाचं पान तसं वाकत नाही. तीन रकाने, मधे तेजोमेघाचा फोटो, कडेला तारानकाशा, त्याखाली बारीक तळटीप, सगळं जागच्या जागी बसवलेलं असतं. त्या पानाची रुंदी साधारण २१ सेंटिमीटर. तुमच्या किंडलच्या पडद्याची रुंदी ९ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे छापील अंकातलं ९ पॉइंटचं अक्षर तुमच्यापुढे जेमतेम ४ पॉइंटचं होऊन येतं. पडद्यावर ठिपके कितीही दाट असोत, इतकं बारीक अक्षर चाळिशी लागलेल्या डोळ्यांना वाचवत नाही.

दुकानात ‘१० इंची’ म्हणून जे दाखवतात त्यातही फसगत होते. बरेचसे अँड्रॉइड टॅब सिनेमा बघण्यासाठी लांबट केलेले असतात, १६:१० या प्रमाणात. असा १०.१ इंची टॅब उभा धरला की रुंदी १३.५ सेंटिमीटरच्या घरात येते. ९ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटच्याही खाली जातं आणि वर-खाली काळ्या पट्ट्या रिकाम्या राहतात. १०.९ इंची आयपॅडची रुंदी जवळपास १६ सेंटिमीटर भरते. तिथे तेच अक्षर पावणेसात पॉइंटचं दिसतं; चांगल्या उजेडात, चष्मा लावून, झूम न करता वाचता येतं. १२.९ इंचीवर तर जवळजवळ छापील अंकच हातात आल्यासारखं वाटतं, पण तो टॅब पडून वाचायला जड आहे आणि किंमत दुर्बिणीच्या बरोबरीने जाते. माझा सल्ला: ४:३ च्या जवळचा, ११ इंचांच्या आसपासचा पडदा पाहा. जुना, वापरलेला घेतलात तरी चालेल. मासिक वाचायला वेगवान प्रोसेसर लागत नाही.

मोठा ई-रीडर का नको? १०.२ इंची किंडल स्क्राइबच्या पडद्याची रुंदी आयपॅडइतकीच आहे, आणि कृष्णधवल मजकूर त्यावर फारच सुरेख दिसतो. पण खगोल मासिकाचा निम्मा जीव फोटोत असतो. हायड्रोजनचा लाल रंग करडा झाला की मृगातल्या तेजोमेघाचं पान मुकं होतं. रंगीत ई-इंक (ई-रीडरचा कागदासारखा पडदा) आली आहे खरी, पण कॅलिडो ३ या तशाच रंगीत पडद्यावर रंगाची घनता इंचाला १५० ठिपके, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या निम्मी, आणि रंग जुन्या वर्तमानपत्रासारखे फिके. शिवाय नकाशा झूम करून सरकवायचा म्हटलं की ई-इंक प्रत्येक वेळी अडखळते. नकाशा वाचणं म्हणजे सतत सरकवणंच असतं.

मग किंडलला काय काम? जुना खजिना. अमेरिकेतलं ‘पॉप्युलर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ हे नियतकालिक १८९३ ते १९५१ पर्यंत निघत होतं. त्याचे स्कॅन केलेले अंक नासाच्या एडीएस या खगोलशास्त्रीय लेखांच्या ऑनलाइन संग्रहात मोफत आहेत. पानं आकाराने लहान, काळी-पांढरी, बहुतेक नुसता मजकूर. कडेचा पांढरा भाग कापला की ६ इंची पडद्यावर आडवं धरून वाचता येतात. शंभर वर्षांपूर्वीचे हौशी निरीक्षक रूपविकारी (तेज कमी-जास्त होणाऱ्या) ताऱ्यांच्या नोंदी कशा ठेवत हे त्यांच्याच शब्दांत वाचताना मला आजही भारावल्यासारखं होतं. दोन रकान्यांची पीडीएफ लहान पडद्यासाठी नव्याने मांडून देणारं ‘के-टू-पीडीएफ-ऑप्ट’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, तेही वापरून पाहा. मजकुराला ते छान चालतं. नकाशाचे मात्र तुकडे करून टाकतं.

मोफतच वाचायचं असेल तर युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीचं ‘द मेसेंजर’ पाहा. १९७४ पासूनचे अंक पीडीएफमध्ये मिळतात. भाषा व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांची आहे, पण चिलीतल्या दुर्बिणींचे फोटो आणि त्या कशा बांधल्या याचे लेख हौशी माणसालाही खिळवून ठेवतात. हे टॅबवरच वाचा.

वर्गणीबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. अंक तुमच्याकडे फाइल म्हणून उतरतो की फक्त अ‍ॅपमध्ये दिसतो, हे पैसे भरण्याआधी तपासा. अ‍ॅमेझॉनने २०२३ मध्ये किंडलवरची मासिकांची वर्गणी बंदच केली. मॅग्झ्टर, झिनिओ अशा अ‍ॅपवर निवड भरपूर आहे, आणि एका वर्गणीत अनेक मासिकं चाळायची असतील तर ती सोय चांगलीच आहे. पण खगोल मासिक रद्दीत घालायची वस्तू नव्हे. गुरूच्या निरीक्षणावरचा पाच वर्षांपूर्वीचा लेख पुढच्या प्रतियुतीला, म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा, पुन्हा लागतो. म्हणून जिथे पीडीएफ मिळते तिथे थोडे जास्त पैसे गेले तरी मी पीडीएफ घेतो, वर्षाप्रमाणे फोल्डर करतो आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवतो. तुमचं कोणी परदेशात असेल आणि त्यांच्याकडे तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड असेल, तर त्यांना लिबी हे अ‍ॅप सुचवा. बऱ्याच ग्रंथालयांतून मासिकं त्यावर फुकट वाचता येतात.

(मराठी विज्ञान मासिकांच्या पीडीएफ वाचणार असाल तर एक अडचण येईल. जुने अंक युनिकोडमध्ये नसतात, जुन्या फाँटमध्ये जुळवलेले असतात. त्यात ‘शनी’ शोधलंत तर काही सापडणार नाही, आणि मजकूर कॉपी केला तर अगम्य चिन्हं येतील. त्यामुळे मी प्रत्येक फाइलच्या नावातच महत्त्वाच्या लेखाचा विषय लिहून ठेवतो.)

आता रात्रीबद्दल.

डोळे अंधाराला नीट सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींवर पांढरा प्रकाश पडला की ती सगळी मेहनत एका क्षणात वाया जाते. वांगणीला एका रात्रीच्या कार्यक्रमात मी नकाशा बघायला म्हणून टॅब उघडला आणि पांढरं पान झळकलं. शेजारी एक आजोबा पहिल्यांदाच देवयानीची दीर्घिका बघायचा प्रयत्न करत होते. त्यांना पुन्हा अर्धा तास थांबावं लागलं, आणि तेवढ्यात ढग आले. मला ते आजही लागून राहिलं आहे. म्हणून हे लिहितोय.

त्या पेशींना गडद लाल रंग जवळजवळ दिसत नाही. आयपॅडवर सेटिंग्जमधून अ‍ॅक्सेसिबिलिटी, मग डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ, मग कलर फिल्टर्समध्ये कलर टिंट निवडा आणि रंग व तीव्रता दोन्ही लालच्या टोकाला न्या. सगळा पडदाच लाल होतो, मासिकाचं पानही. नुसता ‘डार्क मोड’ पीडीएफचं पांढरं पान पांढरंच ठेवतो, त्यावर विसंबू नका. अँड्रॉइडवर तारानकाशाच्या अ‍ॅपला लाल मोड असतो, पण मासिक उघडलं की पुन्हा पांढरं. तिथे स्टेशनरीच्या दुकानातला लाल जिलेटिन पेपर दोन-तीन पदरी करून पडद्यावर चिकटवा. ब्राइटनेस अगदी खाली आणायचा, हे दोन्हीकडे लागू.

आणि इथेच तुमचं किंडल टॅबला मागे टाकतं. त्याचा दिवा शून्यावर नेऊन पूर्ण बंद होत असेल, तर ते कागदासारखं होतं: लाल टॉर्च मारा आणि वाचा. पान स्थिर असताना बॅटरी जवळपास खर्चच होत नाही, त्यामुळे एक नकाशा रात्रभर उघडा ठेवता येतो. मासिकातला हवा तेवढाच नकाशा कापून, काळे तारे पांढऱ्या पानावर अशा स्वरूपात, मी दुपारीच किंडलवर टाकून ठेवतो. मार्चच्या अमावास्येला मेसियर यादीतले ११० तेजोमेघ, गुच्छ आणि दीर्घिका एकाच रात्रीत बघायची मॅरेथॉन करताना हेच वापरतो. दिवसा गाळणी लावून सूर्यावरचे डाग बघताना तर टॅब उन्हात निव्वळ आरसा होतो, आणि किंडल आणखी स्पष्ट दिसतं.

थंडीत रात्री दोननंतर दव पडायला लागलं की ओल्या पडद्याला बोट कळेनासं होतं. दोन्ही साधनं झिपच्या पारदर्शक पिशवीत ठेवा. पिशवीवरूनही स्पर्श चालतो.

टॅबचा मला सर्वांत आवडलेला उपयोग मात्र वेगळाच आहे. दुर्बिणीला डायगोनल (प्रकाश काटकोनात वळवणारा आरसा) लावला की दृश्य डावं-उजवं उलटं दिसतं, आरशातल्यासारखं. कागदाच्या नकाशावर यासाठी पानामागून टॉर्च मारून उलटीकडून बघावं लागायचं. टॅबवर नकाशाचा स्क्रीनशॉट घ्या, फोटो एडिटमध्ये आडवा उलटा करा, आयपीसमध्ये दिसतं तसंच समोर दिसेल. तुमची दुर्बीण न्यूटनच्या पद्धतीची, म्हणजे आरशाची आणि कडेतून बघायची असेल तर नुसता टॅब उलटा धरा, फक्त आधी रोटेशन लॉक करा.

शेवटचं, आणि हे वाचनाच्या सवयीबद्दल. ही मासिकं आपल्या आकाशासाठी लिहिलेली नाहीत. अमेरिकन अंकातला महिन्याचा नकाशा ४० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासचा असतो. मुंबई-पुणे १८-१९ अंशांवर. तिथे ध्रुव क्षितिजापासून ४० अंश वर, आपल्याकडे त्याच्या निम्म्याहून कमी. अगस्त्य तर त्यांना उगवतच नाही. वेळाही यूटीमध्ये, म्हणजे ग्रीनिचच्या जागतिक वेळेत असतात: गुरूचा लाल डाग मधोमध येण्याची वेळ २२:१० दिली असेल तर आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशीची पहाटेची ३:४०. मी अंक आला की पेन घेऊन बसतो आणि पीडीएफवरच भारतीय वेळा लिहितो, दक्षिणेकडचे पिंड गोल करून ठेवतो. त्यासाठी पेन चालणारा टॅब घ्या. थोडे पैसे जास्त पडतील, पण ते वाया जाणार नाहीत.

ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ त्या ४० अंशांवर क्षितिजावर जेमतेम अडीच अंश चढतो, म्हणजे दिसला न दिसला सारखंच. पुण्याहून तो २४ अंश वर येतो. मेच्या अमावास्येला, पावसाचे ढग यायच्या आत, रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला नरतुरंगात शोधा. तुमच्या दुर्बिणीतून नक्की दिसेल.